बागीबाची कमान

धाराशिवहून बेंबळीकडं जाणाऱ्या एसटीत खिडकीची काच कधीच नीट लागत नाही, आणि ऐन थंडीत मला ते बरंच वाटतं. शहरातला शेवटचा पेट्रोल पंप मागं पडला की गार वारा आत घुसतो आणि त्याच्यासोबत ज्वारीचा वास येतो. कणसात दूध भरत असतानाचा, ओलसर, किंचित गोड. हा वास आला की माझं नाक त्यात आणखी एक वास शोधायला लागतं, भिजवलेल्या चुन्याचा. तो बसमध्ये येण्याचं काही कारण नसतं. पण चार वर्षांपूर्वीचा एक अख्खा हिवाळा मी चुन्यात हात घालून काढला, आणि तेव्हापासून येळवस जवळ आली की हे दोन वास माझ्या डोक्यात जोडीनंच येतात. शेजारी बसलेल्या माणसाला हे सांगण्याची सोय नसते, म्हणून मी गप्प बाहेर बघत राहतो.

येळवस म्हणजे वेळा अमावास्या. आमच्या भागाबाहेरच्या माणसाला हा सण समजावताना माझी दमछाक होते. त्या दिवशी गावाला कुलूप आणि सगळी माणसं रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत पाच दगड मांडून पूजा करायची, मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत, बेसन लावून शिजवलेली शेंगा-पाल्याची भाजी, हे सांगण्यातच पुण्याच्या व्याह्यांची आणि माझी अर्धी दुपार गेली होती. मग आंबील रानभर शिंपडत आरोळ्या ठोकत फिरायचं. त्या आरोळ्या कानडी आहेत. अर्थ कुणालाही विचारा, ‘आपलं म्हणत्यात तसं’ एवढंच उत्तर मिळतं. येळवस हा शब्दच मुळी कानडीतल्या ‘एळ्ळ अमावास्ये’वरून आला म्हणतात. कानडी आमच्या घरांतून बिऱ्हाड हलवून गेली, पण जाताना काही भांडी विसरून गेली, आणि ती आम्ही रोज वापरतो.

आमचं गाव बेंबळीच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. वेळूच्या कांब्यांचं मखर करतात, त्याला झेंडूच्या माळा गुंडाळतात, गेलेल्या माणसाला त्यात मांडी घालून बसवतात आणि खांद्यावरून नेतात. या मखराला विमान म्हणतात. खऱ्या विमानात मी निवृत्तीनंतर एकदाच बसलो. या विमानातली जागा मात्र पक्की आहे.

ओढ्यापलीकडं आमची रुद्रभूमी. दगडी समाध्या, काहींवर झिजलेला नंदी, काहींवर नुसतं लिंग, मध्ये दोन म्हातारे कडुनिंब. भोवती काळ्या दगडांची भिंत आणि भिंतीत एक कमान. ती किती जुनी, कुणाला ठाऊक नाही. ती इतकी बुटकी आहे की जाणत्या माणसाला कमरेत वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. विमानही खांद्यावरून उतरवावं लागतं, गुडघ्यापाशी धरून थोडं पुढं कलवावं लागतं, तेव्हा कुठं ते आत जातं. बघणाऱ्याला वाटतं, बसलेला माणूस मान लववून नमस्कार करतोय. लहानपणी मला वाटायचं की कमान बांधणारा बुटका असणार.

या कमानीच्या उजव्या खांबात छातीइतक्या उंचीवर आमचा बागीबा. खंडोबा, बिरोबा तसा बागीबा. चार बोटं जाड शेंदूर आणि त्यात बसवलेले चांदीचे डोळे. कंबरदुखीचा देव. गावात कुणाची कंबर धरली की बागीबाला नारळ ठरलेला. मीही विहिरीत उडी मारताना पाठ दुखावून घेतली होती, तेव्हा आई मला घेऊन गेली होती. पाठ आठ दिवसांत बरी झाली. डॉक्टरच्या गोळ्याही चालू होत्या, पण श्रेय बागीबाला मिळालं.

तर चार वर्षांपूर्वी ही कमान पाडायचं ठरलं, आणि पाडण्याच्या कागदावर सही माझी होती.

मी सरकारी खात्यात ओव्हरसियर म्हणून चिकटलो आणि साहेब होऊन निवृत्त झालो. उभा जन्म सिमेंट, खडी, सळई. समाजाच्या कमिटीचा अध्यक्ष शिवाप्पा, गावातलाच आडत्या, माझ्याकडं आला आणि म्हणाला, ‘‘सायेब, नवं गेट करायचंय. बारा फुटाचं. जेसीबी आत गेलं पायजे.’’ त्याचं चुकत नव्हतं. त्याच पावसाळ्यात काळ्या चिखलात खड्डा खणता खणता चार माणसं रडकुंडीला आली होती आणि विमान भर पावसात तासभर थांबलं होतं. बागीबासाठी शेजारी टाईल्सचं छान मंदिर बांधायचं, देवाला वाजतगाजत तिथं न्यायचं, आणि संक्रांत झाली की कमान उतरवायची. मी नकाशा काढून दिला. शेरा लिहिला, ‘कमान जीर्ण व धोकादायक असून मध्यभागी तडा गेलेला आहे.’ असले शेरे मला झोपेतही लिहिता येतात.

त्या दिवसापासून नीलव्वाकाकू माझ्याशी बोलेनाशा झाल्या. या माझ्या चुलत्यांच्या पत्नी. माहेर आळंदकडचं, कर्नाटकातलं. लग्न होऊन आल्या तेव्हा मराठीचा शब्द येत नव्हता, आता त्या मराठीत कुणाला बोलू लागल्या तर समोरचा पळ काढतो. मी गावी गेलो की त्यांच्याकडंच जेवतो. त्यांनी ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि भिंतीकडं बघत बसल्या. तिसऱ्या जेवणाला मीच विचारलं, ‘‘काकू, तुम्ही बोलत का नाही?’’

‘‘काय बोलायचं? तुझे काका सहा फुटी माणूस. जित्तेपणी कुणाफुडं वाकले न्हाईत, माझ्याफुडं तर न्हाईच. त्या कमानीत मात्र वाकले. म्या डोळ्यानं बगितलं. मलाबी तितूनच जायचंय. आन तू ती पाडाया निगालास.’’

‘‘अहो, तडा गेलाय तिला. कधीही पडेल.’’

‘‘तडा कुणी पाडला, इरू?’’

माझं नाव विरूपाक्ष, पण इरू म्हणणाऱ्या आता त्या एकट्याच उरल्यात. हा प्रश्न मला झोंबला, कारण त्याच्या आठेक वर्षं आधी कमानीच्या सांध्यांत सिमेंट भरलं होतं ते मीच. फुकट, हौसेनं, गावची सेवा म्हणून.

दुसऱ्या दिवशी काकूंनी महेबूबचाचांना बोलावून आणलं. चाचांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चुन्याचं काम. आता चुना कुणी मागत नाही, म्हणून म्हातारा घरी बसून नातवंडांना वैताग देत होता. चाचांनी कमानीवर बोटांची पेरं वाजवली, कान लावला, माझ्या सिमेंटचा एक तुकडा नखानं उचकटला. त्याच्याबरोबर दगडाचा पापुद्रा सुटून आला.

‘‘ये कायकू भरे सायेब? दगडाला दम घ्यायला लागतो. तुमी त्याचं नाक दाबलं. पावसाचं पाणी आत ऱ्हायलं, तेच दगड फोडलालंय. कमान पक्की हाय. एक थंडी द्या मला.’’

मला लाज वाटली. चाळीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठ अनेकदा ओरडले, पण असं बरोबर कुणी ओरडलं नव्हतं. शिवाप्पा म्हणाला, ‘‘करा की. गेटचं लोखंड येईस्तोवर म्हातारीचं समाधान.’’ त्याला वाटलं, पाडायचंच आहे, तर तोवर खेळू दे. आणि मी, नुकताच निवृत्त, घरात बायकोच्या पायांत लुडबुडणारा माणूस, चाचांच्या हाताखाली लागलो.

चुन्याचं काम थंडीतच. उन्हाळ्यात तो घाईनं वाळतो आणि फुटतो, पावसात वाळतच नाही. कळीचा चुना पाण्यात टाकला की हौद खदखदतो, वाफा निघतात. मग तो मुरत ठेवायचा. किती दिवस, असं मी वही उघडून विचारलं, तर चाचा म्हणाले, ‘‘दह्याला इचारता का किती वाजता लागणार?’’ मी वही मिटली. बेलफळाचा गर भिजवलेलं पाणी, हिरड्याचं काळपट पाणी, गूळ, विटांचा भुगा. काकूंच्या परसातलं जुनं दगडी उखळ काढलं आणि त्यात हे सगळं कुटायचं. मुसळाचा आवाज धप्प धप्प असा येत असेपर्यंत कच्चं. चप्प चप्प असा चिकट येऊ लागला की झालं. गुळामुळं माश्या घोंगावायच्या. सकाळी दवानं ओल्या झालेल्या भिंतीला पाठ लावून आम्ही ऊन खात बसायचो, चाचा विडी ओढायचे, समोर शिवारात ज्वारी वाऱ्यानं हलायची आणि पाखरं राखणारी कुणी बाई लांबून हाळी द्यायची. अकराच्या सुमारास काकू भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घेऊन यायच्या, कमानीतून वाकून आत यायच्या, आणि आमच्या कामात चुका काढायच्या. माझ्या बोटांची सालं गेली. रात्री हात खोबरेल तेलात बुडवून बसायचो. इतक्या सुखाचे दिवस मला नोकरीत एकदाही मिळाले नव्हते, हे मी बायकोला सांगितलं नाही. ती म्हणाली असती, मग तिथंच राहा.

सांध्यातलं सिमेंट छिन्नीनं हलके हलके काढायचं आणि तिथं चुना भरून वर ओली पोती टाकायची. असं करत करत चाचा उजव्या खांबाशी आले. देवाच्या अंगाला हात लावायचा नाही म्हणून ते बाजूबाजूनं काम करत होते. पण हादरा बसला असावा. एके दिवशी दुपारी बागीबाचा सगळा शेंदूर एकदम सुटला आणि डोळ्यांसकट खाली आला.

देवानं खोळ सोडली, ही बातमी गावभर व्हायला पाच मिनिटं लागली. कुणी शुभ म्हणालं, कुणी अशुभ. चाचांचा चेहरा पांढराफटक पडला. खाली मूर्ती नव्हती. सपाट दगड होता, त्यावर चुन्याचे जुने पापुद्रे, आणि पापुद्र्यांतून डोकावणारी गोल गोल अक्षरं.

गावचे जंगमस्वामी, आमचे पुरोहित, तरुण आहेत. लहानपणी मठात राहिले, तिथं त्यांना कानडी अक्षरओळख करून दिली; भाषा मात्र येत नाही. म्हणजे ते कानडी वाचतात आणि त्यांना काही कळत नाही. काकूंचं उलट, कानडी बोलतात आणि अक्षर एक येत नाही. संध्याकाळी गर्दी पांगल्यावर स्वामी आले, त्यांनी उपरण्यानं दगड पुसला आणि बोट ठेवून वाचलं, ‘‘बा... गि...’’ मग थांबले, पुढचं अक्षर थोडं अंतर सोडून कोरलेलं होतं. ‘‘...बा.’’ आणि आनंदानं ओरडले, ‘‘बघा! देवाचं नावच हाय! बागीबा!’’

लोकांनी हात जोडले. काकू मात्र तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. त्यांना हसू आवरेना, त्या खालीच बसल्या.

‘‘अगं बया बया! नाव कुटलं? ‘बागि बा’ म्हंजी वाकून ये! कमान बुटकी हाय, डोस्कं आपटंल, वाकून ये, आसं लिहिलंय त्या बाबानं!’’

मी विचारलं, ‘‘काकू, तुम्ही साठ वर्षं इथं राहताय. तुम्हाला कधी कळलं नाही?’’

‘‘आरं, सासरचा देव म्हणून ऐकला. सासरच्या देवाचा अर्थ इचारत्यात व्हय? ह्या स्वामीनं मधी दम घेतला म्हणून कानाला कळलं.’’

आम्ही सगळे एका पाटीला नवस बोलत होतो. त्या वेळी तिथं आम्ही सहा-सात जणच होतो, आणि मला एकदम भीती वाटली. कारण एव्हाना मी पुरता बाटलो होतो; मला ती कमान हवी होती. आणि गावात जे चार लोक कमान पाडायला कुरकुरत होते ते बागीबा कोपेल म्हणून. देवच नाही म्हटल्यावर ती कुरकुरही बंद पडणार. मी काकूंना बाजूला घेऊन म्हणालो, ‘‘हे कुणाला सांगू नका. देव आहे म्हणून कमान आहे.’’ चाचाही म्हणाले, ‘‘हौ काकू, बोलू नका. कुणाचं काय बिघडतंय?’’

काकूंनी आम्हा दोघांकडं असं बघितलं की आम्ही उखळाकडं वळलो. ‘‘खोटं बोलून ती कमान ठिवायची, आन मग म्या त्यातनं जायचं? कुटल्या तोंडानं?’’

चारच दिवसांनी येळवस. कमिटीतले सगळे शिवाप्पाच्या रानात, त्याच्या कोपीत जेवायला होते. पत्रावळी वाढलेल्या, हरभऱ्याच्या डहाळ्यांचा ढीग, बाहेर पोरं आरोळ्या देत पळत होती. शिवाप्पाची आई शांतव्वा, काकूंची जुनी मैत्रीण, मडक्यातून आंबील वाढत होती. काकूंनी पेला खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. दगडावर काय आहे, त्याचा अर्थ काय. मी खाली मान घालून भज्जीतले वाटाणे मोजू लागलो.

मग शिवाप्पा म्हणाला, ‘‘म्हंजी देव नव्हताच? मग तर सवालच मिटला. मंदिरबी नको.’’

‘‘मिटला कसा?’’ काकू म्हणाल्या. ‘‘देव आसता तर तुमी न्हेला आसता उचलून. देवाचं काय, बसवाल तितं बसतंय. ह्यो निरोप हाय. निरोप दारातच आसाया लागतो.’’

‘‘मग नव्या गेटवर लिहू की काकू. मोठ्या अक्षरात. लायटिंग करू.’’

‘‘बारा फुटाच्या गेटात कोण वाकतंय रं? लिहिलेलं खोटं पडंल.’’

शिवाप्पा आडत्या आहे. सौद्यात शब्दाला शब्द देणं त्याच्या रक्तात आहे. तो बोलायला पुढं सरकला. तेवढ्यात शांतव्वा आंबिलीची पळी हातात धरूनच बोलली, ‘‘बाबा शिवाप्पा, म्या तर वाकूनच जाणार. सगळा जलम चुलीफुडं वाकण्यात गेला, आन शेवटाला मला ताठ न्हेतूस व्हय? सवय न्हाय मला.’’

सगळे हसले. शिवाप्पाही हसला, मग उंडा कुस्करत बसला. शेवटी माझ्याकडं न बघता म्हणाला, ‘‘सायेब, मागची भिंत किती फुटाची हाय? मशीन तिकडनं घालू. तिकडचा नकाशा काढा.’’

त्या दुपारी आंबील शिंपडत फिरताना मी इतक्या जोरात ओरडलो की घसा दोन दिवस बसला.

कमान संक्रांतीच्या आत पुरी झाली. शेवटचं पोतं काढलं तेव्हा सांधे ओळखूही येईनात. चुना दगडाच्या रंगाला येतो, सिमेंटसारखा आपण भरलंय हे सांगत बसत नाही. पुढच्या हिवाळ्यांत चाचांनी एकेक करून समाध्या दुरुस्तीला घेतल्या. आता गावातली दोन माणसं त्यांच्याकडं शिकतात. मला अजून चुना मळू देतात, भरू देत नाहीत. आणि बागीबा? तो काही गेला नाही. गावाला खरं कळलं, गाव हसलं आणि कंबर धरली की पुन्हा नारळ घेऊन हजर. शेंदूर आता अक्षरं सोडून खालच्या दगडाला लावतात. स्वामी म्हणतात, रोज तिथं जाऊन वाकलं तर कंबर सुटतेच. मला पूर्वी अशा गोष्टींचा राग यायचा. हल्ली येत नाही. ज्या देवाचं नावच ‘वाकून ये’ आहे त्याच्याशी भांडायचं कशावर?

यंदा श्रावणात शांतव्वा गेली. पाऊस बारीक लागून होता. जेसीबीनं मागून येऊन खड्डा आधीच करून ठेवला होता. ओढ्याच्या अलीकडं विमान थांबलं आणि कुणीतरी म्हणालं, ‘‘कमानीत पाय घसरंल, मागल्या बाजूनं न्हेऊ. तिकडं मुरूम टाकलाय.’’ सगळ्यांनी शिवाप्पाकडं बघितलं. पुढचा डावा खांदा त्याचा होता. तो कमानीकडं चालू लागला.

काकू माझा हात धरून आधीच आत जाऊन उभ्या राहिल्या होत्या. विमान खांद्यावरून उतरलं, गुडघ्यापाशी आलं. पुढं कललं. झेंडूच्या माळेतून पाणी ठिबकत होतं. आणि काकूंनी हाक मारली, मोठ्यानं, शेजारणीला सकाळच्या चहाला बोलवावं तशी, ‘‘शांतव्वा, बागि बा!’’

शिवाप्पा वाकला तो आत आल्यावरही काही वेळ वाकलेलाच राहिला. मागून येणाऱ्या लोकांना वाटलं देवाचा गजर चाललाय. तेही ‘बागीबाऽ’ म्हणत एकामागून एक वाकून आत आले. कोण देवाचं नाव घेत होतं आणि कोण आत बोलावत होतं, काही कळत नव्हतं, आणि कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

परतताना ओढ्यातल्या दगडांवरून मी काकूंना हाताला धरून उतरवत होतो. त्या रडल्या नव्हत्या. मध्येच थांबून त्या कमानीकडं वळून बघत म्हणाल्या, ‘‘लिहिणारा शाणा होता, इरू. ‘वाकून जा’ न्हाय लिहिलं त्यानं. ‘ये’ लिहिलं.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? आत आपलं कुणी आसल्याबिगर ‘ये’ कोण म्हणंल?’’